दार उघडणारा मुलगा: एका तरुण व्हॅम्पायर-शिकाऱ्याचं प्रकरण

हे प्रकरण कल्पित आहे, आणि कल्पित आहे म्हणूनच कामाचं आहे. आघातानंतरच्या अपराधभावाबद्दल शिकाऊ समुपदेशकांशी बोलताना खरं प्रकरण घेतलं, तर निम्मा वेळ गोपनीयता सांभाळण्यात जातो आणि उरलेला हळहळण्यात. व्हॅम्पायर मध्ये आला की हळहळ ओसरते आणि डोकं चालायला लागतं. शिवाय या मुलाच्या जगात एक नियम आहे, जो आपल्या जगात नाही. घरातल्या कुणी 'ये' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही. या एका नियमामुळे नेहमीची सांत्वनाची वाक्यं इथे निरुपयोगी ठरतात.

मुलगा १९ वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी एकाच रात्रीत आई आणि सहा वर्षांची बहीण गेली. त्या पहाटे मदतीला धावून आलेल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानंच त्याला सांभाळलं, शिकवलं. सोळाव्या वर्षापासून तो स्वतः शिकारीवर जातो. कामात तरबेज आहे, अंधारातही त्याचा टोकदार लाकडी खुंट व्हॅम्पायरच्या बरगड्यांच्या मधोमध लागतो. त्याला समुपदेशिकेकडे घेऊन आली त्याची जोडीदारीण. तीही शिकारी, वयानं थोडी मोठी. स्वतःहून तो आला नसता.

घडलं ते असं. एका संध्याकाळी दोघं माग काढत एका घरापाशी चौकशीला गेली. दार उघडलं पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलानं. बरेच दिवसांच्या आजारातून उठलेला, चेहरा पांढराफटक. तो बाजूला झाला आणि म्हणाला, "आत या ना." पुढच्या क्षणी आमचा शिकारी त्याला भिंतीला दाबून उभा होता. जोडीदारणीनं हात ओढला म्हणून खुंट छातीऐवजी खांद्यात गेला. मुलगा वाचला. बाहेर आल्यावर शिकारी पहिल्यांदा बोलला तो एवढंच: "तो मला आत बोलावत होता."

या वाक्यावर थांबायला हवं, कारण त्यात तर्क उलटा झालाय. व्हॅम्पायर आमंत्रण मागतो, देत नाही. हे या मुलाइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणजे त्यानं माणसाला व्हॅम्पायर समजण्याची चूक केली, असं सरळ म्हणता येत नाही. समोर कोण आहे हे ओळखण्याचा टप्पाच आला नाही. दार, तिन्हीसांजेचा उजेड, पांढरा चेहरा आणि 'आत ये' या अर्थाचे शब्द, एवढं एकत्र आलं आणि हात चालला. एलर्स आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली आघातोत्तर तणावाचं (पीटीएसडी) जे प्रारूप मांडलं, त्यात याचं नेमकं वर्णन सापडतं. आघाताची आठवण अर्थानं जागी होत नाही, बाह्य खुणांनी जागी होते. वास, प्रकाश, आवाजाचा पोत, शब्दांची ठेवण. कोणी कोणाला बोलावलं हा अर्थ झाला, आणि अर्थाला तिथे पोचायला उशीर झाला.

जोडीदारणीच्या आणखी तक्रारी होत्या. हा रात्री तीन-चार तास झोपतो, तेही खुर्चीत, दाराकडे तोंड करून. मोहिमेवर न सांगता एकटा निघून जातो. गळ्याचं चामडी कवच काढून ठेवतो, विचारलं तर म्हणतो, मान वळवायला अडचण होते. आणि शेवटी तिनं जरा संकोचत सांगितलं, की हा कुणालाही 'ये' म्हणत नाही. दार उघडतो, बाजूला होतो आणि समोरचा आपणहून आत येईपर्यंत नुसता उभा राहतो. तिला सुरुवातीला तो उद्धट वाटायचा.

द्वेषाला हात लावायचा नाही

शिकाऊ मंडळी इथे हमखास द्वेषाकडे धावतात. तो आहेही तसा, डोळ्यांत भरणारा. पहिल्याच भेटीत मुलगा म्हणतो, "मला त्यांचा द्वेष वाटतो. त्यात बिघडलंय काय?" आणि खरंच, काय बिघडलंय? त्याच्या जगात व्हॅम्पायर आहेत, ते माणसं मारतात. त्यानं दाराकडे पाठ करून बसावं, असं म्हणणारा समुपदेशक त्याचा जीव घेईल. सततच्या खऱ्या धोक्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत ही अडचण येते, सीमेवरचा सैनिक असो नाहीतर मारकुट्या घरातून अजून बाहेर न पडलेली बाई असो. सावधपणा कुठे संपतो आणि लक्षण कुठे सुरू होतं?

माझी कसोटी सोपी आहे. सावधपणा माणसाला जिवंत ठेवतो. हा मुलगा दाराकडे तोंड करून झोपतो, हा सावधपणा. पण गळ्याचं कवच काढून एकटा जातो, हे त्याच्या अगदी विरुद्ध टोक आहे. ज्याला व्हॅम्पायरची एवढी भीती किंवा एवढा राग आहे, तो गळा उघडा कशाला ठेवेल? डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार-निदान पुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत बेदरकार, स्वतःला इजा होईल असं वागणं हे आघातोत्तर तणावाच्या लक्षणांत पहिल्यांदा वेगळं नोंदवलं गेलं. त्याच आवृत्तीत आणखी एक भर पडली, घडलेल्या गोष्टीचा विपर्यस्त दोष स्वतःला किंवा दुसऱ्याला देत राहणं. १९८०मध्ये हे निदान पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा इतर मेले आणि आपण वाचलो याचा अपराधभाव लक्षणांत होता, पण पुढच्या आवृत्तीत तो निकषांतून गाळला गेला. अपराधभावाला निकषांत पुन्हा जागा मिळाली ती २०१३मध्येच, आणि या वेळी शरमेसकट.

समुपदेशिकेनं मात्र आधी साधा प्रश्न विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. "कवच काढतोस तेव्हा मरावंसं वाटतं का?" असं थेट विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. मुलगा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मरावंसं नाही. पण त्यांना एक संधी द्यावीशी वाटते." या उत्तरावर सुरक्षेचा आराखडा आधी झाला, बाकी सगळं नंतर. एकटं जायचं नाही, कवच जोडीदारीण स्वतः बांधणार, आणि रात्री असह्य झालं तर कुणाला उठवायचं हे ठरलं. मुलानं हे ऐकलं, ते जोडीदारणीच्या शब्दाखातर.

त्यांना संधी द्यावीशी वाटते, म्हणजे शिक्षा देण्याचा हक्क त्यांना आहे असं त्याला कुठेतरी वाटतं. द्वेषाच्या खाली काय आहे ते इथे दिसायला लागलं.

इतिहासातल्या खऱ्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. ते कुणी काळ्या झग्यातले वीर नव्हते, मेलेल्यांचे नातेवाईक आणि शेजारी होते. १७२५ साली सर्बियातल्या किसिलेवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाच्या माणसाच्या मृत्यूनंतर आठवडाभरात नऊ जण दगावले. त्याच्या बायकोनं सांगितलं, की तो रात्री आला आणि आपल्या वहाणा मागू लागला. ती गाव सोडून गेली, गावानं प्रेत उकरून त्याच्या छातीत खुंट ठोकला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावी जॉर्ज ब्राऊन या शेतकऱ्याची बायको आणि थोरली मुलगी क्षयानं गेल्या, जानेवारी १८९२मध्ये १९ वर्षांची मर्सीही गेली, आणि मुलगा एडविन खंगत चालला. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून मार्चमध्ये थडगी उघडली. थंडीत ठेवलेलं मर्सीचं प्रेत ताजं दिसलं. तिचं काळीज जाळून ती राख भावाला पाजली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२मध्येच दाखवला होता, पण ज्या घरात एकामागून एक माणसं जाताहेत तिथे जंतूपेक्षा शत्रू जास्त उपयोगी पडतो. जंतूच्या छातीत खुंट मारता येत नाही.

आणि लक्षात घ्या, उकरलं कुणाला? स्वतःच्याच मुलीला. कोण्या परक्याला नव्हे.

ती रात्र

मुलानं त्या रात्रीची हकीकत सांगितली ती एखाद्या मोहिमेचा अहवाल द्यावा तशी. आई कामावरून परतायला उशीर झाला होता. बाहेर पाऊस. बहीण झोपलेली. दारावर थाप पडली. "ते दारात उभं होतं. म्हणालं, बाळा, आत येऊ का? मी म्हटलं, ये ना." यानंतर बहिणीबद्दल दोन वाक्यं, मग म्हातारा आला, पहाट झाली, संपलं. व्हॅम्पायर होऊन परतलेल्या आईचा उल्लेख हकीकतभर 'ते' असाच.

समुपदेशिकेनं विचारलं, "नियम तुला ठाऊक होता?"

"होता. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो."

"आणि दारात कोण आहे असं वाटलं?"

"तसं दिसत होतं... आईसारखं."

"मग अकरा वर्षांच्या मुलानं आईला आत घेणं, यात..."

त्यानं तिला पुरं बोलू दिलं नाही. "हे सगळेच म्हणतात. माझं ऐका. पायरी ओली होती. माझ्या हातात कंदील होता. पायरीवरच्या पाण्यात कंदील दिसत होता, चौकट दिसत होती, पण दारात उभं होतं त्याचं प्रतिबिंब नव्हतं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि तरी ये म्हटलं."

इथे नवखा समुपदेशक अडकतो. 'तुझी चूक नव्हती' हे वाक्य मुलानं एका तपशिलात मोडून काढलं: व्हॅम्पायरचं प्रतिबिंब पडत नाही. त्याच्याकडे पुरावा आहे. आठ वर्षं रोज रात्री तपासलेला, लखलखीत पुरावा. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. पुरावा आला कुठून, ते पाहायचं.

म्हाताऱ्या शिकाऱ्याला टिपणं ठेवायची सवय होती. प्रत्येक घटनेनंतर साक्षीदार काय म्हणाला ते त्याच दिवशी वहीत उतरवायचं. मुलाच्या तोंडून त्या पहाटे ऐकलेली हकीकतही वहीत होती. वही आणावी, असं समुपदेशिकेनं सुचवलं तेव्हा मुलगा एकदम भडकला, उठून निघून गेला. पुढच्या वेळी आला तो मात्र वही घेऊन, आणि ती त्यानं टेबलावर पालथी ठेवली.

त्या पानावर पाऊस आहे. कंदील आहे. आईनं काय म्हटलं, मुलानं काय म्हटलं, ते शब्दशः आहे. आईचे हात गार होते, हेही आहे. पायरीवरचं पाणी नाही, प्रतिबिंब नाही. म्हातारा असली गोष्ट गाळणारा नव्हता. शिकाऱ्याच्या दृष्टीनं त्या अख्ख्या हकिकतीत सगळ्यात महत्त्वाचा तपशील तोच ठरला असता, आणि तो खोदून खोदून विचारायचा. व्हॅम्पायर प्रतिबिंबावरून ओळखायचा, हे मुलाला शिकवलं गेलं ते त्यानंतर, तेराव्या वर्षी.

आठवणीत नंतरचं ज्ञान मागच्या दारानं शिरतं, हे प्रयोगांनी दाखवून झालंय. १९७४मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, 'धडकून चुराडा झाला' तेव्हा किती होता. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच कुठेच नव्हती. चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'पाहिली' म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्यांपैकी ७. पुढच्याच वर्षी फिशहॉफनं दाखवलं, की शेवट कळल्यावर माणसाला तो आधीपासून दिसतच होता असं वाटू लागतं. इथे तर शेवट माहीत असलेला मुलगा आठ वर्षं त्या पायरीकडे बघतोय. त्याला प्रतिबिंब 'न दिसणं' भाग होतं.

आता मुलाला हायसं वाटावं अशी आपली अपेक्षा असते. तसं झालं नाही. पान वाचून तो पांढरा पडला, मग चिडला. "म्हणजे मला कळूच शकत नव्हतं? म्हणजे काही करताच आलं नसतं?" हा राग समजून घेतला नाही, तर पुढचं काम फसतं. जॅनॉफ-बुलमन यांनी १९७९मध्ये आत्मदोषाचे दोन प्रकार वेगळे केले. 'मी जे केलं ते चुकलं' आणि 'मी माणूसच वाईट'. पहिल्या प्रकारात एक आधार दडलेला असतो: चूक माझी असेल तर पुढच्या वेळी ती टाळता येईल, म्हणजे जग माझ्या हातात आहे. मुलाच्या हातून आपण तो आधार काढून घेतला. त्याची सगळी तालीम, सगळी दक्षता, 'पुढच्या वेळी मला दिसेल' या भरवशावर उभी होती. ती टेकू काढल्यासारखी डुगडुगणारच.

पण वही पालथी ठेवण्याचं कारण हेही नव्हतं. त्या पानावर शेवटी दोन ओळी होत्या. 'मुलगा मध्ये उभा राहिला. बाजूला करावा लागला.'

म्हातारा पोचला तेव्हा बहीण गेलेली होती. आई, किंवा आईचं जे काही उरलं होतं ते, कोपऱ्यात बसलेलं. आणि अकरा वर्षांचा मुलगा हात पसरून तिच्यापुढे उभा राहिला: आईला मारू नका. बहिणीचं काय झालंय ते त्याला दिसत होतं. तरीही.

आठ वर्षं तो दाराची गोष्ट सांगत होता, कारण दाराची गोष्ट सांगता येत होती. चूक झाली, फसलो, हे लोक ऐकून घेतात. बहिणीला मारणाऱ्यावर त्या क्षणीही माया होती, हे तो कुणाला सांगणार? म्हाताऱ्याला तर नाहीच. त्यानंच पुढे कधीतरी मुलाला म्हटलं होतं, "दार तू उघडलंस, आता बंदही तूच करायचं." म्हाताऱ्याला हे बळ देणारं वाक्य वाटलं असणार. मुलानं ते कर्ज म्हणून घेतलं आणि एकेक व्हॅम्पायर मारून हप्ते फेडत राहिला. द्वेष जितका कडक, तितकी ती माया खोटी ठरते. आईला 'ते' म्हणत राहिलं तर तिच्यासाठी रडावं लागत नाही.

म्हणून मी द्वेषाला हात लावू नका म्हणते. तो या मुलाचा रोग नाही, तो पहारेकरी आहे. आतल्या शोकाला वाट मिळाली तर पहारा आपोआप सैल पडेल. न मिळता द्वेष तेवढा काढून घेतला, तर उरेल फक्त उघडा गळा.

दोन अपराध, दोन औषधं

उपचारांची चौकट निवडताना वाद होतो. रेसिक यांची संज्ञानात्मक प्रक्रिया पद्धत (सीपीटी) साधारण १२ सत्रांची असते, अडकून राहिलेल्या विश्वासांवर काम करते, आणि इथे ती बसतेही. तरी मी ती जशीच्या तशी वापरणार नाही. अकराव्या वर्षापासूनचा आघात आहे, सोबत स्वतःबद्दलची खोल किळस आणि माणसांपासून तुटलेपण आहे. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात 'गुंतागुंतीचा' आघातोत्तर तणाव म्हणून वेगळं निदान आहे, ते या मुलाला जास्त लागू पडतं. वेळ जास्त लागेल. लेखी काम मात्र ठेवीन, पण बहिणीला पत्र लिहायच्या आधी आईला लिहायला सांगीन. बहिणीला लिहिताना तो पुन्हा अहवालच लिहील.

खांद्यात खुंट लागलेल्या त्या आजारी मुलाचं काय, हा प्रश्न वेगळा ठेवायचा. पहिल्या अपराधभावाला जे औषध चाललं ते इथे चालणार नाही. इथे खरोखर इजा झालीय, खरोखर याच्या हातून. खुणांनी हात चालला हे स्पष्टीकरण झालं, माफी नव्हे. लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये सैनिकांच्या 'नैतिक जखमे'बद्दल, म्हणजे स्वतःच्या मूल्यांविरुद्ध घडलेल्या कृतीच्या जखमेबद्दल, लिहिलं, त्यात भरपाईला जागा आहे, आणि ती हवीच. विपर्यस्त अपराध आणि खरा अपराध एकाच झाडूनं झाडला, तर मुलाला वाटेल समुपदेशिका सगळंच माफ करत सुटलीय, आणि मग तिच्या पहिल्या निष्कर्षावरचाही त्याचा विश्वास उडेल. त्याला खोटं लगेच कळतं.

त्या कुटुंबानं भेट नाकारली. त्यांचा हक्कच आहे तो. औषधपाण्याचा खर्च ते जोडीदारणीमार्फत घेतात, निरोप घेत नाहीत. मुलाला जाऊन पाय धरायचे होते, समुपदेशिकेनं अडवलं. त्यांच्या दारात पुन्हा उभं राहून त्यानं स्वतःचं ओझं हलकं करायचं, आणि त्या पोरानं पुन्हा घाबरायचं, ही भरपाई नव्हे.

शिकार थांबवायची का, यावर मतं फुटतात. पूर्ण बंदी मला पटत नाही. काम काढून घेतलं तर त्याच्याकडे दिवस घालवायला दुसरं काहीच नाही, आणि तो चोरून जाईल. सध्या ठरलंय ते असं: माग काढण्याचं आणि नकाशांचं काम त्याच्याकडे, वस्तीतली चौकशी जोडीदारीण करणार, घराच्या दारात हा उभा राहणार नाही, आणि खुंट तिच्याजवळ. महिन्यानं फेरविचार. त्याला हे अपमानास्पद वाटतं, तो तसं बोलूनही दाखवतो. बोलून दाखवतो हे चांगलंय.

म्हाताऱ्याला भेटीला बोलवायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. समुपदेशिकेनं त्याला एकदा एकटं भेटून पाहिलं. "मी पोराला उभं केलं," तो म्हणाला, "नाहीतर त्याच रात्री तो संपला असता." खोटं नाही ते. माझं मत असं, की बोलवावं, पण मुलानं आईला पत्र लिहून झाल्यावर. आणि त्या दोन ओळी लिहिताना म्हाताऱ्याच्या मनात काय होतं, हे मुलानं स्वतः विचारावं. लिहिल्या त्या ओळी त्यानं, आठ वर्षं त्यावर बोलला मात्र नाही.